दाह, डेक्सामेथासोन आणि सुरत

सुरत शहराने सत्तावीस वर्षांत दोनदा फुप्फुसाच्या रोगाची साथ भोगली: १९९४ मध्ये फुप्फुसाचा प्लेग आणि २०२०-२१ मध्ये कोविड. एक जिवाणूचा रोग, दुसरा विषाणूचा. तरीही दोन्हींत रुग्ण वाचणार की दगावणार, हे बऱ्याच अंशी एकाच गोष्टीवर अवलंबून होते. फुप्फुसाच्या पेशी धोक्याचा इशारा वेळेवर देतात का, आणि दिलेला इशारा वेळेवर थांबतो का? प्लेगचा जंतू हा इशारा स्वतःच दाबून टाकतो. कोविडमध्ये मात्र हाताबाहेर गेलेला इशारा शांत करण्यासाठी डॉक्टरांनी औषध वापरले. त्या औषधाने या शहरात असंख्य माणसे वाचवली, आणि भलत्या वेळी दिले गेले तेव्हा काहींचे डोळेही घेतले.

माणसाच्या फुप्फुसात तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. त्यांचे अस्तर इतके पातळ असते की हवेतला प्राणवायू त्यातून सहज रक्तात उतरतो. हे अस्तर म्हणजे नुसता पडदा नव्हे. त्यातल्या पेशींवर जंतू ओळखणाऱ्या खुणा असतात. जंतू भिडला की पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन जागे होते, केंद्रकात शिरते आणि दाहाची जनुके चालू करते. मग पेशी इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ यांसारखी निरोप्या रसायने बाहेर सोडते. त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांच्या हाकेने रक्तातल्या पांढऱ्या पेशी फुप्फुसात धावून येतात. विषाणू असेल तर आणखी एक निरोप जातो, इंटरफेरॉनचा. तो शेजारच्या पेशींना सावध करतो आणि विषाणूची वाढ रोखतो. मदतीला आलेल्या पेशींची गर्दी फार झाली की रक्तवाहिन्या पाझरू लागतात, वायुकोशात पाणी भरते आणि ज्या अस्तरातून श्वास चालतो तेच निकामी होते. इशारा हवाच, पण तो बेतात हवा.

सप्टेंबर १९९४ मध्ये गणेशविसर्जनानंतरच्या दोन-तीन दिवसांत वेड रोड परिसरातून तापाचे, रक्ताळ खोकल्याचे रुग्ण सुरतेच्या रुग्णालयांत येऊ लागले. हा भाग कामगारवस्तीचा. यंत्रमागावर आणि हिरे घासायच्या घंटीवर बसणारी, महाराष्ट्रातून आलेली अनेक कुटुंबे तिथे राहत होती. तापीच्या पुराचे पाणी नुकतेच ओसरले होते आणि कचरा जागोजागी साचलेला होता. त्याआधी काही आठवडे बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगची बातमी आली होती. २१ सप्टेंबरनंतर सुरतेत प्लेगचे नाव उघडपणे घेतले जाऊ लागले आणि काही दिवसांतच लाखो लोक शहर सोडून निघाले. ताप्ती लाइनच्या गाड्या नंदुरबार, धुळे, जळगावकडे भरभरून गेल्या. औषधाच्या दुकानांतले टेट्रासायक्लिन संपले. या साथीत पन्नासहून अधिक माणसे मेली.

फुप्फुसाचा प्लेग इतका झपाट्याने का मारतो, याचा उलगडा पुढच्या दशकात झाला. या जंतूच्या कवचावर एक चरबीयुक्त रेणू असतो आणि फुप्फुसाच्या पेशी एरवी त्यावरूनच अशा जंतूंना ओळखतात. माणसाच्या अंगाच्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंशांना, प्लेगचा जंतू त्या रेणूचा आकार बदलतो आणि पहारेकऱ्याला तो दिसेनासा होतो. शिवाय सुईसारख्या नळीतून तो पेशीत योपजे नावाचे प्रथिन सोडतो. हे प्रथिन एनएफ-कप्पा-बीला जागे करणारी यंत्रणाच बंद पाडते. प्रयोगशाळेतल्या उंदरांत पहिले सुमारे दीड दिवस फुप्फुस शांत राहते. जंतू लाखोंनी वाढत असतात, पण दाह नाही. मग एकाएकी बांध फुटावा तसा दाह उसळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. लक्षणे दिसल्यापासून एका दिवसात प्रतिजैविक मिळाले नाही तर रुग्ण सहसा वाचत नाही, त्याचे कारण हेच. फुप्फुसाचा आवाज भलत्या वेळी बंद केला तर काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

माणसाने दाह दाबण्याची विद्या मिळवली ती सांधेदुखीच्या वाटेने. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइखस्टाइन यांना मिळाले. त्या दशकाच्या अखेरीस कॉर्टिसोनच्या कुळातले कितीतरी पट प्रभावी औषध आले, ते डेक्सामेथासोन. भारतात ते घराघरांत पोहोचले ते गुजरातच्याच झायडस कंपनीच्या डेक्सोना या नावाने. अंगावर पित्त उठले, दमा लागला, साप चावला, काहीही झाले तरी छोट्या दवाखान्यात डेक्सोनाचे इंजेक्शन ठरलेले. झटपट आराम देणारे औषध अशी त्याची ख्याती झाली, आणि पुढे कोविडमध्ये हीच ख्याती नडली.

या कुळातले औषध, म्हणजे स्टेरॉइड, पेशीत शिरून एका ग्राहक प्रथिनाला चिकटते. ही जोडी केंद्रकात जाते आणि तिथे दोन कामे करते. दाह आवरणाऱ्या प्रथिनांची जनुके ती चालू करते. आणि एनएफ-कप्पा-बी ज्या जनुकांवर बसलेले असते तिथे एक विकर बोलावून डीएनएची गुंडाळी पुन्हा घट्ट करवते. गुंडाळी मिटली की जनुक वाचता येत नाही आणि इंटरल्यूकिनचे निरोप थांबतात. लंडनचे पीटर बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेतील पेशींवर वर्षानुवर्षे काम करून हे चित्र पुरे केले. पण स्टेरॉइड निरोपांत निवड करत नाही. इंटरल्यूकिनसोबत इंटरफेरॉनचा आवाजही दबतो, आणि भक्षक पेशींची जंतू गिळण्याची ताकद उतरते. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन ही दाहशामके वेगळ्या ठिकाणी काम करतात. ती प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाची निर्मिती अडवतात. जॉन व्हेन यांनी हे १९७१ मध्ये दाखवले. मार्च २०२० मध्ये फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी आयबुप्रोफेन टाळण्याचा सल्ला दिला तेव्हा जगभर धास्ती पसरली. पण या औषधाने कोविड बळावतो असा पुरावा पुढे मिळाला नाही.

गुजरातमधला कोरोनाचा पहिला मृत्यू २२ मार्च २०२० रोजी सुरतेतच झाला. खरा तडाखा जून-जुलैत बसला. टाळेबंदी उठली आणि वराछा, कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यांत लोक पुन्हा एका मेजाभोवती खांद्याला खांदा लावून बसू लागले. जुलैमध्ये सुरतेचे रोजचे आकडे अहमदाबादच्या पुढे गेले, कारखाने पुन्हा बंद करावे लागले, न्यू सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर ही रुग्णालये भरून गेली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या खानदेशी वस्तीच्या भागांतही घरटी आजार होता.

त्या वेळी डॉक्टरांच्या हाती नेमके काय होते? जागतिक आरोग्य संघटनेने साथीच्या सुरुवातीला स्टेरॉइड सरसकट देऊ नये असे सांगितले होते. त्यामागे अनुभव होता: २००३ च्या सार्स साथीत स्टेरॉइड भरमसाट वापरले गेले आणि वाचलेल्यांपैकी अनेकांची खुब्याची हाडे पुढे झिजून मेली. पण २०२० च्या वसंतात प्रयोगशाळांतून एक वेगळी गोष्ट कळत होती. या विषाणूने पछाडलेल्या फुप्फुसाच्या पेशी इंटरफेरॉनचा निरोप फारच क्षीण पाठवतात, आणि पांढऱ्या पेशींना बोलावणारे निरोप मात्र जोराने पाठवत राहतात. म्हणजे आजार दोन टप्प्यांचा होता. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढतो आणि इंटरफेरॉनची गरज असते. दुसऱ्या आठवड्यात विषाणू ओसरत असतो, पण दाह फुप्फुस पोखरत असतो.

हे अनुमान प्रत्यक्ष माणसांवर तपासले ते ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने. ऑक्सफर्डचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांच्या नेतृत्वाखाली २,१०४ रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, देण्यात आले. ४,३२१ रुग्णांवर नेहमीचे उपचार झाले. १६ जून २०२० रोजी निष्कर्ष जाहीर झाले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत ते २६.२ वरून २३.३ झाले. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात? तिथे स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी १७.८ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी १४. हा फरक योगायोगाचा असू शकत होता, पण फायद्याची खूण कुठेच नव्हती आणि अपायाची शक्यता उरत होती. या तिसऱ्या आकड्याकडे जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेले नाही.

भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २७ जून २०२० रोजी डेक्सामेथासोनचा उपचारसूचीत समावेश केला. सुरतेसाठी ते वेळेवर आले. वॉर्डातली रोजची कृती अगदी साधी होती. दोन मिलिलिटरची छोटी काचेची कुपी, दर मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम औषध. परिचारिका सिरिंजमध्ये दीड मिलिलिटर ओढते, ६ मिलिग्रॅमचा डोस होतो. कुपीची किंमत दहा रुपयांच्या आत. गोळ्यांनी द्यायचे तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या बारा गोळ्या. हजारो रुपयांच्या औषधांसाठी नातेवाईक शहरभर धावत होते, तेव्हा प्राण वाचवण्याचा पक्का पुरावा असलेले पहिले औषध पलंगाशेजारच्या ट्रेमध्येच पडलेले होते.

त्या धावपळीतले एक औषध म्हणजे टोसिलिझुमॅब. स्टेरॉइड सगळेच निरोप दाबते. टोसिलिझुमॅब फक्त इंटरल्यूकिन-६ चा निरोप जिथे पोहोचतो ते दार बंद करते. मूळ औषध संधिवाताचे, एका डोसची किंमत हजारोंत. २०२० च्या उन्हाळ्यात त्याची उपयुक्तता सिद्ध झालेली नव्हती, तरी चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या निघत होत्या. टंचाई झाली आणि काळा बाजार उभा राहिला. जुलै २०२० मध्ये गुजरातच्या अन्न व औषध नियंत्रण विभागाने बनावट टोसिलिझुमॅबचे प्रकरण उघडकीस आणले. अहमदाबादेतल्या एका रुग्णासाठी आलेल्या इंजेक्शनचा माग काढत अधिकारी सुरतेतल्या एका घरापर्यंत पोहोचले. तिथे कुप्या भरण्याची आणि बंद करण्याची यंत्रे सापडली. मरणाच्या दारातल्या माणसाच्या नातेवाइकाला खोटी कुपी विकणे याहून हीन धंदा कोणता असेल? पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये रिकव्हरी चाचणीतूनच कळले की टोसिलिझुमॅबने मृत्यूचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून २९ वर येते, तेही ऑक्सिजन कमी पडणाऱ्या, रक्तातील सीआरपी हे दाहाचे माप ७५ च्या वर गेलेल्या रुग्णांत आणि बहुतेकांना स्टेरॉइड आधीच सुरू असताना.

एप्रिल २०२१ मधली दुसरी लाट सुरतेने कशी सोसली हे सगळ्या देशाने पाहिले. स्मशानातल्या गॅसदाहिन्या रात्रंदिवस पेटत्या राहिल्याने त्यांच्या लोखंडी चौकटी वितळल्या. खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता. सीमेपलीकडे नंदुरबारमध्ये जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच ऑक्सिजन प्रकल्प उभारून ठेवले होते, म्हणून गुजरात आणि मध्य प्रदेशातले रुग्णही तिकडे धाव घेत होते. स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्यालाच होतो, आणि ते ऑक्सिजनसोबतच द्यायचे असते. दहा रुपयांच्या कुपीमागे ही एवढी मोठी व्यवस्था लागते, हे त्या महिन्यात नंदुरबारने दाखवून दिले.

जिथे व्यवस्था नव्हती तिथे कुपी आणि गोळी तेवढी उरली. घरोघरी उपचार सुरू झाले, चिठ्ठ्या व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या. त्या दिवसांत फोनवर पहिला प्रश्न असे, ‘स्कोअर किती आला?’ छातीच्या एचआरसीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाला २५ पैकी गुण दिले जात, आणि आठ-नऊ गुण दिसले तरी घरचे लोक हादरत. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९७ दाखवत असला तरी स्टेरॉइड सुरू होई. पहिल्या एक-दोन दिवसांत ताप उतरे, भूक लागे, अंगात तरतरी येई. औषध लागू पडले असे सगळ्यांना वाटे. प्रत्यक्षात उतरलेला असे तो पेशींचा इशारा. विषाणू आत वाढतच असे. ३ मे २०२१ रोजी एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे बजावले की सौम्य आजारात, सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइड घेतल्याने विषाणूची वाढ बळावू शकते. तोवर लाट शिखरावर पोहोचलेली होती.

या घाईची किंमत मे महिन्यात दिसली. कोविडमधून उठून दोन-तीन आठवडे झालेली माणसे गाल सुजला, डोळा दुखतो, नाकातून काळसर स्राव येतो अशा तक्रारी घेऊन परतू लागली. हा म्युकरमायकोसिस, लोकांच्या तोंडी काळी बुरशी. ८ मेच्या सुमारास सुरतेच्या किरण हॉस्पिटलच्या अध्यक्षांनी वृत्तसंस्थेला सांगितले की त्यांच्याकडे पन्नास रुग्ण उपचार घेत आहेत आणि सात जणांची दृष्टी गेली आहे. २० मे रोजी गुजरात सरकारने हा रोग साथीचा म्हणून जाहीर केला.

ही बुरशी नवी नव्हे. तिचे बीजाणू माती, कुजका पाला, शिळी भाकरी यांवर असतात आणि रोज श्वासातून प्रत्येकाच्या नाकात जातात. निरोगी फुप्फुसातल्या भक्षक पेशी त्यांना उगवू देत नाहीत. स्टेरॉइडने या पेशी मंदावतात. त्याच औषधाने यकृत जास्त साखर तयार करते, इन्सुलिन कमी पडते, आणि सकाळी डोस घेतलेल्याची साखर दुपारनंतर तीनशे-चारशेवर जाते. वाढलेली साखर आणि आम्लता बुरशीला मानवते. नाकाच्या आतल्या पेशींवर तिला चिकटण्याच्या खुणा अशा वेळी वाढतात. मधुमेह घरोघर असलेल्या समाजात हे घडणारच होते. म्हणून वॉर्डात ऑक्सिजनच्या तक्त्याशेजारी साखरेचा तक्ता लावणे ही औषधोपचाराचीच अर्धी बाजू होती, आणि घरी उपचार घेणाऱ्यांच्या नशिबी नेमका तोच तक्ता नव्हता.

२८ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने देशभराचा हिशेब दिला: म्युकरमायकोसिसचे ४०,८४५ रुग्ण, ३,१२९ मृत्यू. त्यांतल्या ३४,९४० जणांना कोविड झालेला होता, २६,१८७ जणांना मधुमेह होता आणि २१,५२३ जणांना स्टेरॉइड दिले गेले होते. रुग्णसंख्येत महाराष्ट्र पहिला, गुजरात दुसरा. उपचाराचे अॅम्फोटेरिसिन-बी बाजारातून नाहीसे झाले. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसमध्ये मेअखेरीस त्याचे उत्पादन सुरू झाले, एक कुपी १,२०० रुपयांना; तोवर ती सात हजारांच्या आसपास मिळत होती. सुरतेच्या शस्त्रक्रियागृहांत कान-नाक-घसा, नेत्र आणि दंत विभागाचे सर्जन एकाच मेजाभोवती उभे राहून सायनस खरवडत होते, जबडा काढत होते, आणि बुरशी मेंदूकडे सरकू नये म्हणून कुणाचा डोळाही काढावा लागत होता.

आरोग्य सेवा महासंचालनालयाने जूनच्या सुरुवातीला नियम स्पष्ट केले. लक्षणे नसलेल्या आणि सौम्य रुग्णांना स्टेरॉइड नको. ते फक्त रुग्णालयातल्या मध्यम-गंभीर आणि अतिगंभीर रुग्णांना, योग्य वेळी, योग्य मात्रेत, योग्य मुदतीपुरते. यात एक वर्षापूर्वीच्या चाचणीत नव्हते असे काहीच नव्हते. श्वासावाटे घ्यायच्या बुडेसोनाइडला मात्र सौम्य रुग्णांत जागा मिळाली होती. पाच दिवसांनंतरही ताप-खोकला राहिला तर ते दिवसातून दोनदा ओढण्याची सूचना होती. ते थेट श्वासनलिकेच्या अस्तरावर बसते आणि रक्तात फार कमी उतरते. एकाच कुळातले औषध, पण वाट बदलली की परिणाम बदलतो.

मात्रेचा प्रश्न तेवढा शिल्लक होता. दुसऱ्या लाटेत ‘जास्त गंभीर, म्हणून जास्त डोस’ हा विचार सर्रास होता. २५ मे २०२१ रोजी, सुरतेत काळ्या बुरशीचे रुग्ण रांगेत असताना, रिकव्हरीच्या संशोधकांनी त्याचीही चाचणी सुरू केली. ब्रिटनबरोबर नेपाळ, इंडोनेशिया, व्हिएतनाममधली रुग्णालयेही तीत होती. व्हेंटिलेटर न लागणाऱ्या, साध्या ऑक्सिजनवरच्या किंवा ऑक्सिजनची पातळी उतरलेल्या रुग्णांपैकी काहींना २० मिलिग्रॅमचा वाढीव डोस दिला, बाकीच्यांना नेहमीचे उपचार, म्हणजे बहुतेकांना कमी मात्रेचे स्टेरॉइड. निष्कर्ष २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. नेहमीच्या उपचारांवर १२ टक्के रुग्ण दगावले, वाढीव डोसवर १९ टक्के.